बुटक्याला रोटर

४ फेब्रुवारी

रोटर आला. टेम्पोवाल्यानं तो शेडच्या दारात उतरवला, घाम पुसला आणि विचारलं, "हा कशाला लावणार?" मी बुटक्याकडे बोट दाखवलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

बुटका म्हणजे आमचा ट्रॅक्टर. खरं तर बागकामाचा, शेतातल्या ट्रॅक्टरचा धाकटा चुलतभाऊ. त्यावर बसलं की माझे गुडघे स्टीअरिंगला टेकतात. वय पंचावन्न. एका शाळेच्या मैदानाचं गवत कापण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, मग तो भंगारात निघाला आणि तिथून मी त्याला घरी आणलं. रोटर त्याच्याहून तरुण आणि परक्या कंपनीचा. वाकड्या पात्यांचं हे धूड बुटक्याच्या पाठीमागे जोडायचं, त्याच्या इंजिनावर फिरवायचं आणि जमीन उकरायची. ताईच्या हातातली कुदळ सुटावी, एवढाच बेत.

वजनमापं तपासण्याच्या नोकरीत चौतीस वर्षं रोजची नोंद लिहिली: तारीख, काय तपासलं, दोष काय. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खोड गेली नाही. तेव्हा मुद्दा लिहून ठेवतो. घरामागच्या अर्ध्या एकराला आम्ही नुसतं 'तुकडा' म्हणतो. बाबांनी ठेवलेला. ताई तीस वर्षं तो एकटी खणते आहे. दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यावर मी इथे ताईकडे राहायला आलो, तेव्हापासून मी तिला खणताना बघतो आहे. यंदा जानेवारी संपला तरी पाव हिस्सासुद्धा झालेला नाही. ती एकाहत्तरची. शेजारच्या बेकरीवाल्याला नव्या भट्ट्यांसाठी तुकडा हवा आहे. एकतीस मार्चपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे, असं ताई म्हणते.

मी म्हटलं, "त्याच्या आत अख्खा तुकडा यंत्रानं उकरून देतो. मग बघू कोण हो म्हणतं ते."

"बरं," ताई म्हणाली. मग "जरा बसते" म्हणून पायरीवर बसली.

६ फेब्रुवारी

मापं घेतली. बुटक्याच्या मागे रोटर अडकवायला दोन लोखंडी कान आहेत. त्यांची भोकं सोळा मिलिमीटरची, रोटरच्या पिना एकोणीसच्या. दोन कानांमधलं अंतर हवं त्यापेक्षा अकरा मिलिमीटर कमी. नोकरीत असतो तर दोघांनाही नापास करून जेवायला घरी गेलो असतो.

चौकातला वेल्डर बघून गेला. त्याचा मंत्र एकच. कान कापून बाहेर सरकवायचे? "होऊन जाईल." भोकं वाढवायची? "होऊन जाईल." कधी? "होऊन जाईल हो, काका." मी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. ताईला ते फार आवडलं. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी प्यायली, आणि जरा बसली.

११ फेब्रुवारी

एक बोल्ट. फक्त एक. सकाळी नऊ ते साडेबारा. निघाला नाही.

१२ फेब्रुवारी

तोच बोल्ट. तेल सोडलं, ठोकलं, शिव्या दिल्या. तो बुटक्याच्या पोटाखाली अशा जागी आहे, की माणसानं पाठीवर झोपावं आणि दुसऱ्यानं बॅटरी धरावी. बॅटरी ताईनं धरली. पण उजेड सारखा खाली घसरत होता. मी म्हणायचो, "वर धर." ती वर धरायची. दोन मिनिटांत पुन्हा उजेड माझ्या कोपरावर. सेल उतरले असतील म्हणून मध्येच उठून नवे घातले. काही फरक नाही. बॅटरीच खराब दिसते. नवी आणली पाहिजे.

१५ फेब्रुवारी

बोल्ट निघाला. होऊनजाईलनं त्याला लाल होईपर्यंत तापवला आणि एका झटक्यात फिरवला. चार दिवस मी लोखंडाचे चणे खात होतो, त्यानं ते चुटकीसरशी केलं. राग आला. मग त्यानं विचारलं, "दमलात ना, काका?" आणि ताईनं अन् मी एकदम एकमेकांकडे पाहिलं.

त्याला काय माहीत. आमच्या घरात हा शब्द बंद आहे. बाबा ओतशाळेत कामाला होते, दोन-दोन पाळ्या करायचे, आणि त्यांनी नियमच केला होता: दमलो म्हणायचं नाही. एकानं म्हटलं की दुसऱ्याचे पायही जड होतात, असं त्यांचं म्हणणं. फार तर 'जरा बसतो' म्हणायचं. आई 'जरा बसते' म्हणायची. मी शाळेतून आलो की दप्तर टाकून 'जरा बसतो' म्हणायचो. बाबा गेले त्या दुपारी म्हणाले, "जरा पडतो." पडले ते पडलेच.

वेल्डरला मी सांगितलं, "छे, दमायला काय झालंय?" आणि जरा बसलो.

१९ फेब्रुवारी

कान सरकले, भोकं वाढली, रोटर अडकला. आजचा दिवस सोन्याचा म्हणत मी लिव्हर ओढला. रोटर वर उचलला जायला हवा होता. त्याऐवजी बुटक्याचं तोंडच वर उचललं गेलं. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर, आणि मी सीटवर आभाळाकडे बघत बसलेला.

"नाकापेक्षा मोती जड," ताई दारातून म्हणाली.

पुढे वजन बांधावं लागणार. किमान साठ किलो. हिशोब केला, दोनदा तपासला.

ताई पहाटे पाचला उठते ती अजूनही उठतेच. पण आज मी साडेपाचला उठलो तेव्हा ती कुदळीचा दांडा काढून तो कोपऱ्यात उभा करत होती. दांडा सैल झाला असेल. बसवून देईन म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, घाई नाही."

२२ फेब्रुवारी

वजनं सापडली. माझ्याच खोलीत, पलंगाखाली. ओतीव लोखंडाची, वीस-वीस किलोची चार नग. नोकरीत मी नापास केलेली. खात्यानं मोडीत काढली तेव्हा घेऊन आलो, का ते आजपर्यंत कळलं नव्हतं. वेल्डरनं पुढे एक कप्पा जोडून दिला. त्यात तीन वजनं बसली. बुटक्याचं तोंड जमिनीवर राहिलं.

ताईनं विचारलं, "ही किती कमी भरायची रे?"

"चाळीस ग्रॅम. त्यातलं एक तर पंचेचाळीस."

"वीस किलोत चाळीस ग्रॅम? आणि तेवढ्यासाठी माणसाला दुकान बंद करायला लावायचास?"

"नियम तो नियम, ताई."

"हं. बाबांचा मुलगा शोभतोस," ती म्हणाली आणि आत गेली.

उरलेलं चौथं वजन शेडचं दार अडवायला ठेवलं.

२६ फेब्रुवारी

आज काम नाही. पाऊस नाही, पाहुणे नाहीत, पण काम नाही. सकाळी शेडमध्ये गेलो, पाना उचलला आणि परत ठेवला.

दोन वर्षं झाली आज बायकोला जाऊन. ती दुसऱ्या घरातून आलेली, तिला आमचा नियम माहीत नव्हता. संध्याकाळी ऑफिसातून आली की पर्स टाकायची आणि खुशाल म्हणायची, "दमले बाई." मला ते टोचायचं. एकदा म्हटलं, आमच्याकडे असं म्हणत नाहीत. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग म्हणणं सोडून दिलं. मला वाटलं, हल्ली तिला बरं वाटतंय. डॉक्टरांनी विचारलं, थकवा कधीपासून येतो? ती म्हणाली, वर्ष झालं असेल. मी बाजूलाच बसलो होतो. मला तेव्हा कळलं.

हे कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

ताईनं दिवसभर काही विचारलं नाही. दुपारी माझ्या खोलीत आली, बायकोच्या कपाटाचा आरसा पुसला, पुसून झाल्यावरही थोडा वेळ कपाटापाशी उभी राहिली. ते कपाट मी इथे येताना आणलं, बाकी सगळं देऊन टाकलं.

भाचीचा, म्हणजे ताईच्या मुलीचा, फोन आला. "मामा, तुम्हाला जिना चढायला त्रास होतो का हो?" मी म्हटलं, नाही, का? म्हणाली, "सहज." कामापुरता मामा ऐकला होता, सहज मामा पहिल्यांदा.

२ मार्च

आता पट्टा. इंजिनाच्या पुलीवरून निघून, सीटखालच्या दोन पुल्यांना वळसा घालून मागे रोटरला फिरवायचा. मी सूत्र मांडलं, पुल्यांचे व्यास घेतले, कोन घेतले, दोन पानं भरली. ताई बघत होती. म्हणाली, "दोरी फिरव की."

"दोरी ताणली जाते. माप चुकतं."

"मग कमी ताण."

तिनं कमरेला खोचलेली सुतळी काढली. हल्ली तिच्याकडे कायम एक सुतळी असते. वाफे आखायची असेल. पट्टा जाईल तशी ती सगळीकडून फिरवली आणि गाठ मारली. दोरीचं माप आणि माझं सूत्र यांत सतरा सेंटिमीटरचा फरक. मी सूत्र पुन्हा तपासलं. चूक माझी होती, एक वळसा धरलाच नव्हता. मुकाट्यानं आकड्यांची पानं फाडून टाकली, सुतळी घेतली, दुपारी टेबलावर पसरवून नव्यानं मोजली आणि पट्ट्याची ऑर्डर दिली.

यंदा ताईनं अजून बी आणलेलं नाही. विचारलं तर म्हणते, आधी जमीन होऊ दे. बरोबरच आहे. उलट तिनं रोपांचे रिकामे ट्रे त्या कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंना देऊन टाकले. नवे घ्यायचे असतील.

९ मार्च

पट्टा आला आणि आखूड निघाला. चांगला हातभर आखूड. मी शेडमधूनच ओरडलो, "बघ तुझी दोरी!"

ताई आली. सुतळी हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "अरे, ह्याला दोन गाठी आहेत. तू अलीकडची धरलीस."

होत्या खऱ्या दोन. मी एकीवरच थांबलो होतो. "मग ही दुसरी कसली?"

"माझं दुसरं एक माप आहे."

"कसलं?"

"आहे एक. सगळं तुझ्या रोटरचंच असतं का?" असं तोडून बोलण्याचा तिचा स्वभाव नाही. मला वाटलं, वाफ्यांचं असेल. पण चिडायचं ते मी, पट्टा माझा वाया गेला. दुकानदारानं बदलून द्यायचं कबूल केलं. आठवडा लागेल म्हणाला. बावीस दिवस उरलेत, त्यातला एक आठवडा एका गाठीपायी गेला.

पाठ धरली आहे. जरा बसून लिहितो आहे.

१३ मार्च

बेकरीवाला भिंतीपलीकडून डोकावला. पिठाचे हात, गोल चेहरा. "काका, काम कुठवर आलं?" मी म्हटलं, होतंय. म्हणाला, "होऊ द्या, होऊ द्या. घाई करू नका. नीट झालं पाहिजे." वर गरम पाव दिले.

माणूस किती लबाड असावा! मी अडकलो तर तुकडा त्याच्या घशात जाणार, म्हणून 'घाई करू नका'. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "चांगला आहे रे तो." ताईला माणसं पारखता येत नाहीत. मी चौतीस वर्षं दुकानदार बघितलेत.

पाव चांगले होते.

१७ मार्च

पट्टा बसला. इंजिन सुरू झालं. तुकड्याच्या कडेला गेलो, रोटर खाली टेकवला, पट्ट्याचा लिव्हर ओढला.

पाती फिरली. आणि रोटर उड्या मारायला लागला. जमिनीत शिरेचना. वरचं गवत झोडपायचा, ठणठण आवाज करायचा आणि उडायचा. बुटका त्याच्यापाठोपाठ हादरत होता, मी बुटक्यावर हादरत होतो. वीस पावलं गेलो. मागे वळून पाहिलं तर कोंबडीनं उकरल्याएवढंही उकरलं गेलं नव्हतं. पट्ट्यातून धूर यायला लागला, तेव्हा बंद केलं.

होऊनजाईलला बोलावलं. त्यानं बघितलं, डोकं खाजवलं, आणि पहिल्यांदाच काही म्हणाला नाही.

१८ मार्च

काही नाही.

१९ मार्च

काही नाही. सकाळी दाढी केली नाही. ताईनं दोनदा चहा आणला, दोन्ही निवले. दुसऱ्यांदा म्हणाली, "उठ. एवढं आलंय जमत." मी म्हटलं, नाही जमत. जमीन तापून दगड झाली आहे, रोटर थकलेला आहे, बुटक्यात जोर नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ती बराच वेळ दारात उभी होती. मग बाहेर गेली. शेडचं दार उघडल्याचा आवाज आला.

२० मार्च

ताईनं दोष शोधला.

सकाळी मला ओढतच नेलं. रोटरपुढे उकिडवी बसली, एका पात्यावरून अंगठा फिरवला. "विळ्याची पाठ मारतोयस तू. धार मागे आहे."

वाकून पाहिलं. सोळाच्या सोळा पाती. धार मागे, पाठ पुढे.

पाती सुटी आली होती, आठ डावी आणि आठ उजवी, मी ती फेब्रुवारीत स्वतः बसवली होती. चूक कशी झाली ते शोधायला अर्धा तास लागला. रोटर तेव्हा सुटा होता, मी त्याच्या समोर उभा राहिलो होतो आणि माझ्या डाव्या हाताला डावी पाती लावली होती. माहितीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत छापलेलं आहे: डावं-उजवं हे चालकाच्या जागेवरून. मी जन्मभर दुकानदाराच्या समोर, तराजूच्या पलीकडे उभा राहिलो. त्याचं डावं ते माझं उजवं. चौतीस वर्षांत कधी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो नाही. गरजच पडली नाही.

"तू कायम समोरून बघतोस," ताई म्हणाली. चिडून नाही, नुसतं सांगितलं. उठताना तिला माझा हात लागला. हात धरला तेव्हा तिचा पंजा मिटला नाही, नुसता माझ्या मुठीत राहिला.

"हाताला काय झालंय?"

"काही नाही. जरा बसते."

२५ मार्च

सोळा पाती काढली, सोळा फिरवून लावली. एका पात्याला दोन बोल्ट. म्हणजे बत्तीस काढायचे, बत्तीस आवळायचे. पाच दिवस. बॅटरी मी दोरीनं टांगली आणि ताईला म्हटलं, तू नुसती बस. तिनं वाद घातला नाही. स्टुलावर बसून मला बोल्ट देत राहिली. एकदा बघितलं तर बोल्ट हातात आणि डोळे मिटलेले. सकाळचे साडेदहा वाजले होते.

मलाही आता हातातला पाना आणि हात वेगळा कळत नाही. पण सहा दिवस आहेत. तुकडा जाऊ द्यायचा नाही.

२८ मार्च

आज सकाळी साडेसातला सुरू केलं. वेल्डर आला होता, बेकरीवाला भिंतीवर कोपर टेकून उभा होता. ताई फाटकापाशी.

रोटर खाली टेकवला आणि तो लोण्यात शिरावा तसा जमिनीत शिरला. बुटका घरघरला, दबला, आणि चालू लागला. पुढे माझी तीन नापास वजनं त्याला धरून होती. मागे वळून पाहिलं तर काळी, भुसभुशीत, ओलसर माती, चांगली वीतभर खोल. "होऊन गेलं!" वेल्डर ओरडला. मी रडतो आहे हे मला दुसऱ्या फेरीत कळलं. इंजिनाचा आवाज एवढा होता, की कुणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती.

पहिल्या चार-पाच फेऱ्या ताई कडेकडेनं माझ्याबरोबर चालली. मग फाटकाशी जाऊन उभी राहिली. अख्खा तुकडा पावणेतीन तासांत झाला. ताईला याला सहा आठवडे लागायचे.

मी इंजिन बंद केलं. वेल्डर आणि बेकरीवाला गेले. ताईनं चपला काढल्या, मऊ मातीतून मधोमध चालत गेली आणि तिथेच खाली बसली. मी जवळ गेलो.

"जरा बसतेस?"

"नाही," ती म्हणाली. "दमले मी."

मी आजूबाजूला पाहिलं. सहासष्ट वर्षांचा माणूस मी, आणि मनात काय यावं, तर बाबांनी ऐकलं तर.

"कधीपासून?"

"तारीख लिहून घेणार आहेस?" ती हसली. "सात-आठ वर्षं झाली असतील. हात दोन वर्षांपासून मिटत नाही. मला नाही होत रे आता. यंत्र असलं तरी नाही. उकरल्यावर पेरायचं असतं, पाणी द्यायचं असतं, तण काढायचं असतं. रोटर ते करत नाही."

मग तिनं सांगितलं. बेकरीवाल्याला तिनं जानेवारीतच हो म्हटलं आहे. रोटर येण्याच्या आधी. भाचीच्या घराखाली तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, ताईला आणि मला. एकतीस मार्च ही तारीख बेकरीवाल्याची नाही, ताईची. त्याला तिनं सांगितलं होतं, माझ्या भावाचं काम होईपर्यंत थांब.

मी चिडलो. खरंच चिडलो. "मग मला हे दोन महिने कशाला राबवलंस? पहिल्याच दिवशी सांगायचंस."

"त्या दिवशी तू आठच्या आत दाढी केली होतीस," ताई म्हणाली. "ती गेल्यापासून पहिल्यांदा. दोन वर्षं तू सकाळी उठून नुसता भिंतीकडे बघत बसायचास. मग एक दिवस कागदावर ट्रॅक्टर काढायला लागलास, मला माप लिहून घे म्हणालास. मी काय सांगणार होते?"

मी हनुवटीवरून हात फिरवला.

"आणि मलाही बघायचं होतं. तीस वर्षं खणला, पण अख्खा तुकडा एकदम उकरलेला आहे आणि मी नुसती उभी आहे, असं एकदा तरी बघायचं होतं. बघितलं. फार छान दिसतो."

माती खरोखरच छान दिसत होती. मी तिच्या शेजारी बसलो. समोर नाही, शेजारी, ती बघत होती त्याच दिशेला तोंड करून. विचारलं, "ती दुसरी गाठ?"

"तिच्या कपाटाची. त्या खोल्यांचं छत खाली आहे. बसतं कपाट. दोन बोटं जागा उरते. मी जाऊन मोजून आले."

बॅटरी चांगली होती. फेब्रुवारीतले सेल अजून चालताहेत. ह्याच वहीत मी स्वतः लिहून ठेवलंय, उजेड खाली घसरतो म्हणून, आणि दोष बॅटरीत दाखवलाय. दुसऱ्यांदा केलं मी हे. पहिल्यांदा केलं तेव्हा ते दुरुस्त करायला वेळ राहिला नव्हता.

हे मी ताईला बोललो नाही. जे बोललो ते एवढंच: "ताई, मीसुद्धा दमलोय."

शब्दाची सवय नाही.

"माहीत आहे," ताई म्हणाली आणि तिचा न मिटणारा पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला. "तू पण चाळीस ग्रॅम कमीच भरतोस."

२९ मार्च

सकाळी नऊ वाजले तरी ताई उठली नव्हती. दारातून पाहिलं. श्वास मोजला, मिनिटाला पंधरा, ठीक. उठवली नाही. चहा करून तिच्या उशाशी झाकून ठेवला.

दहाला बघितलं, निवला होता. ती अजून झोपलेलीच. पुन्हा करीन.